रिकाम्या डब्यांची साठेबाजी

२०२५ च्या मे महिन्यात, सीमेवर तणाव होता आणि ७ तारखेला देशभर मॉक ड्रिल होणार म्हणून जाहीर झालं होतं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक यादी फिरली. वीस किलो तांदूळ, दहा किलो डाळ, मेणबत्त्या, टॉर्च, औषधं, बिस्किटं, "आजच आणून ठेवा" वगैरे. दहा मिनिटांत दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी पिशव्या घेऊन खाली. दुसरी पार्टी ग्रुपवरच, की ही साठेबाजी आहे, संकटाच्या वेळी देशाशी गद्दारी आहे, लाज वाटली पाहिजे. दोन दिवसांत केंद्रीय अन्नमंत्र्यांनी सांगितलं की देशात धान्याचा भरपूर साठा आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. मग भांडण आणखी बिनडोक झालं, सरकारवर विश्वास आहे की नाही यावर आलं, आणि एकदा तिथे आलं की आपल्याकडे कुठलंही भांडण कधी संपतं का?

माझं म्हणणं सरळ आहे. घरात आठ-दहा दिवसांचं खाणं कायम असायला पाहिजे, युद्ध असो नसो, पूर असो नसो, आणि ते बातमी यायच्या आधी असायला पाहिजे. याला साठेबाजी म्हणत नाहीत, बेगमी म्हणतात. आणि दोन्हीतला फरक किती किलो आणलं यात शोधू नका, कधी आणलं ते बघा. यादी वाचून पळाले ते चुकलेच, पण त्यांना शिव्या देणाऱ्यांनी तरी डबे कधी भरले होते? ते फक्त उशिरा पळणार होते एवढंच.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. २४ मार्च २०२० ला रात्री आठला भाषण सुरू झालं, एकवीस दिवस सगळं बंद, आणि साडेआठला मी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर लायनीत होतो. काय घेतलं? पाच किलो रवा, जो आमच्याकडे महिन्याला पावशेरसुद्धा लागत नाही, तीन किलो साखर, मॅगीची जेवढी पाकिटं हातात मावली तेवढी, आणि का कोण जाणे दोन किलो साबुदाणा. माझ्यामागे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन उभा होता, त्याला पाच किलो आटा हवा होता. मिळाला नाही, कारण पुढच्या वीस-पंचवीस जणांनी आटा उचलला होता, त्यात मीही दहा किलोची बॅग घेतली होती. जुलैत रव्याचा डबा उघडला तर आत जाळी आणि पोरकिडे, सगळा टाकून दिला. तळमजल्यावरच्या आजी त्या रात्री दारातसुद्धा आल्या नाहीत. त्यांची उन्हाळी कामं चालू होती, तिखट झालेलं, कुरडया वाळत घातलेल्या, तांदूळ वर्षाचा भरलेला. आता सांगा, त्या रात्री साठेबाज कोण होतं? जिच्या घरात वर्षाचा तांदूळ ती आजी, की ज्याच्या घरात आठवड्याचीसुद्धा कणीक नव्हती तो मी?

गणित तर अगदी शाळेतलं आहे. दोनशे घरांची वस्ती धरा. प्रत्येक घराने जास्तीचं पाच किलो धान्य एकाच रात्री उचललं तर ते होतं एक टन, आणि कुठलाही वाणी नेहमीच्या खपावर आणखी एक टन त्याच रात्री काढून देऊ शकत नाही, म्हणून शेल्फ रिकामं, म्हणून मागचे घाबरतात, म्हणून भाव वर. तेच पाच किलो दहा आठवड्यांत अर्धा-अर्धा किलो करून घेतले तर आठवड्याला वस्तीतून शंभर किलो जास्त जातात, म्हणजे दिवसाला पंधरा किलोसुद्धा नाही, वाणी एक-दोन पोती जास्त मागवतो आणि त्याच्या लक्षातही राहत नाही. नोव्हेंबर २०१६ आठवतंय का, नोटबंदीच्या त्याच आठवड्यात मिठाची अफवा आली होती? दिल्ली आणि उत्तर प्रदेशात लोक दुकानांवर तुटून पडले, वाट्टेल त्या भावाने मीठ घेतलं. मीठ! एवढा समुद्रकिनारा असलेल्या देशात, आणि एका घराला महिन्याला लागतं किती तर किलोभर. ज्याच्या फडताळात दोन पुडे जास्तीचे होते त्याला ती अफवा विनोद वाटली असणार.

आणि हे फक्त इथलं नाही. जुलै २०२३ मधे भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा अमेरिकेतल्या इंडियन स्टोअर्समधे सोना मसूरीसाठी रांगा लागल्या, काही ठिकाणी माणशी एकच बॅग असा नियम करावा लागला. शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं, त्यात आपले मराठीही आलेच, ट्रॉल्या भरभरून तांदूळ नेत होती. माणूस वाईट असतो म्हणून असं होत नाही, घरातली शेवटची बॅग अर्धी झालेली असते म्हणून होतं.

"पण कायद्याने साठा करायला बंदी आहे" असं एका काकांनी ठासून सांगितलं. काका, जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि त्याखालची साठ्याची मर्यादा येते ती व्यापाऱ्यांवर, दुकानदारांवर, गिरणीवाल्यांवर. जून २०२३ मधे गव्हावर मर्यादा घातली तेव्हा घाऊक व्यापाऱ्याला तीन हजार टन आणि किरकोळ दुकानदाराला दहा टन होती. दहा टन म्हणजे दहा हजार किलो. तुमच्या माळ्यावरच्या बारा किलो तांदळासाठी कुणी इन्स्पेक्टर येणार नाहीये.

मुळात ही गोष्ट आपल्याला बाहेरून शिकायची गरजच नव्हती. कोकणात, रायगडात पावसाआधीच्या खरेदीला अगोट म्हणतात, सुकट, जवळा, बोंबील, चिंच, कांदे, मसाला, कडधान्यं, सगळं मे संपायच्या आत घरात. गोव्यात त्यालाच पुरुमेंत, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, आणि मडगावात मे-जूनच्या सुमाराला त्याचं चक्क फेस्त भरतं, लोक सुकी मासळी, सोलां, मिरच्या घेऊन जातात. देशावर सांडगे, पापड, शेवया, खानदेशात बिबड्या. यात बायकांची कंबर मोडायची हेही खरंय, त्या कष्टांचं कौतुक करून कुणी पुन्हा चूल पेटवा म्हणत असेल तर मी त्यात नाही. पण चार महिने होड्या बंद, रस्ते चिखलात, तेव्हा हे करावंच लागायचं. आता दहा मिनिटांत घरपोच मिळतं म्हणून आपण सोडून दिलं. धान्य काय हवेतून येत नाही, कुठेतरी साठवलेलंच असतं, पूर्वी माळ्यावर असायचं, आता त्या कंपनीच्या गोदामात असतं, आणि गोदामापासून आपल्या दारापर्यंतच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी आलं की ते दहा मिनिटांचं काय होतं ते २६ जुलै २००५ ज्याने मुंबईत काढला त्याला विचारा.

आता समोरच्यांचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत त्यांच्याकडे येतो. पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा गरिबांचा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, रोजची मजुरी, तेल दहा रुपयांचं, चहा पावडर पाच रुपयांची पुडी, त्याने कुठल्या पैशाने आणि कुठल्या कोपऱ्यात दहा दिवसांचं भरायचं? बरोबर आहे. बेगमीचा उपदेश ज्यांना सगळ्यात कमी परवडतो त्यांनाच संकटात तिची सगळ्यात जास्त गरज असते, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलूच नये. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ज्यांना परवडतं त्यांनीही भरू नये? माझ्यामागे उभ्या असलेल्या वॉचमनला आटा मिळाला नाही तो माझ्या घरात साठा होता म्हणून नाही, नव्हता म्हणून. ज्यांचं भागतंय त्यांनी शांततेच्या काळात आपापलं भरून ठेवलं तर त्या रात्री लायनीत फक्त तेच उरतात ज्यांना खरंच आज पीठ हवंय.

शिवाय सरकारने स्वतः काय केलं बघा. २०२५ च्या पावसाळ्याआधी केंद्राने राज्यांना सांगितलं की जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही महिन्यांचं रेशन एकदमच वाटून टाका. अहो, ही अगोटच झाली की! साठेबाजी साठेबाजी म्हणून ओरडणाऱ्यांनी यावर काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण प्रश्न तिथेही उरतोच, माणशी महिन्याला पाच किलो म्हणजे पाच जणांच्या घराला तीन महिन्यांचे पंचाहत्तर किलो. गळक्या पत्र्याखाली, उंदरांच्या राज्यात, ते ठेवायचे कुठे? धान्य फुकट दिलं पण ते टिकवायची कोठी दिली नाही तर त्यातलं किती पोटात जातं आणि किती घुशींच्या बिळात? गरिबांचा मुद्दा मांडणाऱ्यांनी हे भांडण भांडावं, मी सोबत येतो. झाकणाची पत्र्याची कोठी द्या म्हणावं रेशनकार्डावर.

दुसरा मुद्दा, सरकारकडे गोदामं भरलेली आहेत, मग प्रत्येक घराने कशाला? गोदामं भरलेली असतात हे खरंय. पण गोदाम भरलेलं असणं आणि ताटात असणं यात केवढं अंतर असतं हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाइतकं कुणी दाखवलं नाही. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांची मांडणी बहुतेकांनी ऐकलेली असते, की धान्य फार कमी नव्हतं, माणसांच्या हातात ते घ्यायची ऐपत आणि वाट उरली नव्हती. पण त्यातला एक कमी सांगितला जाणारा भाग असा की त्या जूनमधे बंगाल सरकारने साठेबाजांविरुद्ध मोठी मोहीम काढली, गावोगाव घरांमधले साठे मोजायला माणसं पाठवली. सापडलं फार थोडं. आणि सुरुवातीला त्या मोहिमेतून वगळलं कशाला, तर कलकत्ता आणि हावड्याला! म्हणजे जिथे मोठे व्यापारी ती शहरं सोडून शेतकऱ्याची कणगी तपासली. साठेबाज हा शब्द वरून खाली फेकायला फार सोयीचा असतो, म्हणून तो आपल्या शेजाऱ्यावर फेकताना जरा थांबावं. आपण दामाजीपंतांची गोष्ट भक्तीने सांगतो, दुष्काळात बादशहाची कोठारं लुटवली, विठ्ठल महार होऊन मोहरा भरून आला. पण कोठार उघडायला दामाजी लागतो आणि दर तालुक्याला दामाजी नसतो, असला तरी तो पोचेपर्यंतचे चार दिवस आपले आपणच काढायचे असतात.

ते चार दिवस म्हणजे काय, तर माझी मावशी सांगलीत असते. ऑगस्ट २०१९, कृष्णेला महापूर, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर, महामार्ग कोल्हापुराजवळ जवळपास आठवडाभर बंद, त्यामुळे ट्रक अडकलेले, दूध नाही, पेट्रोल नाही. मावशी, काका, आणि खालच्या मजल्यावरचं चार जणांचं कुटुंब, असे सहा जण वरच्या दोन खोल्यांत. वर्षाचा गहू होता, दोन पोती, पण खालच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी पोती फुगली, चौथ्या दिवशी त्या आंबूस वासाने वरसुद्धा बसवेना. वर काय होतं, तर पोह्यांचा मोठा डबा, भडंगासाठी आणलेले चुरमुरे, शेंगदाणे, गुळाची अर्धी ढेप, लेकीच्या बाळासाठी दळून आणलेलं सातूचं पीठ, आणि लोणचं. गॅस संपत आलेला म्हणून दिवसातून एकदाच चहा, बाकी दडपे पोहे आणि सातूचं पीठ गूळ कालवून. पोहे भिजवायलासुद्धा पाणी मोजून, कारण चहूकडे पाणी आणि प्यायला दोन कळशा. "तांदूळ होता रे पाच किलो," मावशी म्हणाली, "पण शिजवायला पाणी कुठलं घालू?" मग सरकारी मदत आली, दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. गहू! वीज नाही, पिठाची गिरणी अजून चिखलात. ज्याने ती मदत ठरवली त्याचा हेतू चांगलाच असणार, पण गव्हाचं दाण्यापासून पोळीपर्यंतचं गणित त्याच्या डोक्यात आलं नाही.

याच सांगलीशेजारी हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यात पाणी शिरलं आणि माल गेला. पिढ्यान्पिढ्यांची शहाणी पद्धत, पण पाण्याची जागा बदलली. तेव्हा बेगमी कुठे ठेवायची हा प्रश्न काय ठेवायचं याइतकाच मोठा आहे, पुराच्या गावात माळ्यावर, कोकणात ओल लागणार नाही अशा ठिकाणी. आणि दुकानांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी चिपळूण आठवावं, २२ जुलै २०२१, अख्खी बाजारपेठच पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर पैसे होते, दुकानांत फक्त चिखल होता.

तिसरा मुद्दा, वाया जातं. जातंच, माझा रवा गेला की. पण तो गेला कारण आम्ही रवा खातच नाही. एवढ्या एका गोष्टीत अर्धं शास्त्र आलं, जे रोज खाता तेच थोडं जास्त ठेवा, पुढचं काढा आणि मागे नवीन ठेवा, डब्यावर खडूने तारीख घाला. जपानमधे भूकंपाच्या तयारीत हीच पद्धत रोलिंग स्टॉक या नावाने शिकवतात, आमच्या आजीकडे नाव नव्हतं, पण जुना तांदूळ संपल्याशिवाय नवी कोठी ती उघडू द्यायची नाही. तूरडाळीला एरंडेल चोळून, तांदळात सुकलेला कडुलिंबाचा पाला, पीठ महिन्याभराचंच ठेवायचं कारण ते कडवट होतं, दाणे खवट होतात म्हणून तेही फिरते. आणि एक गोष्ट ओरडून सांगतो, शेतातल्या सल्फासच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका, त्यातून निघणारा वायू माणसं मारतो, बंद खोलीत तर झोपेतच.

आणि परवडण्याचं म्हणाल तर मी वहीत मांडलं. चार जण, आठवडा. तांदूळ पाच किलो, कणीक तीन, पोहे दोन, मूगडाळ-तूरडाळ मिळून दोन, शेंगदाणे एक, गूळ एक, तेल लिटरभर, दूध पावडर, मीठ-मसाला, थोडे फुटाणे. आमच्या वाण्याच्या भावाने दीड हजाराच्या आसपास. दर आठवड्याला दीडशे जास्तीचे टाकले तर अडीच महिन्यांत झालं, आणि नंतर वेगळा खर्च शून्य, कारण तेच खाऊन तेच भरायचं असतं. पाण्याला माणशी रोज तीन लिटर धरले तर तीन दिवसांचे छत्तीस, म्हणजे दोन मोठे कॅन. यात बरंचसं असं हवं जे न शिजवता खाता येईल, पोहे, चुरमुरे, फुटाणे, सातू, दाणे-गूळ. जे लोक पंचवीस वर्षं टिकणारी परदेशी पाकिटं हजारो रुपयांना विकतात किंवा घेतात, ते माझ्या मते दुसऱ्या टोकाचे मूर्ख आहेत. पंचवीस वर्षं न उघडलेलं पाकीट पूर आलेल्या दिवशी पहिल्यांदा उघडून पोराला भरवायचं? पोर थुंकून टाकेल.

राहिला भीतीचा मुद्दा, की असं भरून ठेवलं की मन सतत संकटाकडे लागतं. मला उलट वाटतं. स्वीडनने २०१८ मधे घरोघरी पुस्तिका वाटली, २०२४ मधे पुन्हा सुधारून वाटली, आठवडाभर आपलं आपण निभावता आलं पाहिजे म्हणून. जर्मन सरकार दहा दिवसांचं सांगतं. ते काय रोज थरथरत बसलेत? पन्हाळ्यावर धान्याचा अंबारखाना बघितलाय ना, त्यातली एकटी गंगा कोठी पंचवीस हजार खंडीची सांगतात. १६६० मधे सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने चालला, भर पावसातसुद्धा उठला नाही. वेढा पडल्यावर कोठ्या बांधायला घेतल्या असत्या तर? घाबरतो तो ज्याची कोठी रिकामी असते, आणि हे मी चोवीस मार्चच्या लायनीत उभं राहून सांगतोय.

त्या वॉचमनचं मात्र मनातून जात नाही. म्हणून गेल्या मीटिंगला मी ठराव टाकला, की सोसायटीच्या ऑफिसात एक पत्र्याची कोठी ठेवायची, पन्नास किलो तांदूळ, दहा किलो डाळ, पोहे, तेल, वॉचमन, सफाईवाल्या ताई आणि ज्यांच्या घरी खरोखर अडलंय त्यांच्यासाठी, दर दोन-तीन महिन्यांनी ते धान्य त्यांनाच वाटून नवीन भरायचं. फ्लॅटमागे वर्षाला दोनशे रुपयेसुद्धा येत नाहीत. विरोध कुणीच केला नाही. सेक्रेटरींनी उंदरांचं काय म्हणून विचारलं, ते सुटलं. मग ग्रुपवर साठेबाजी म्हणून ओरडणाऱ्या काकांनीच विचारलं की कोठीला कुलूप लावायचं का, आणि लावायचं तर किल्ली कुणाकडे. तीन रविवार झाले, त्यावरच चाललंय.